नव्या दिव्याची तक्रार

१

चोर आला की काहीतरी घेऊन जातो. मावशीच्या चोराने उफराटा कारभार केला होता. तो देऊन गेला होता.

"बिट्टे," मावशीचा फोन सकाळीच आला, "तू अपघातांचा तपास करतेस ना? मग ये. माझ्या गाडीचा डावा दिवा कोणीतरी बदललाय."

"म्हणजे चोरीला गेला?"

"चोरीला गेला असता तर पोलिसांना बोलावलं असतं. नवा बसवलाय. मला न विचारता."

"मावशी, मी पोलीसच आहे."

"हो, पण आधी भाची आहेस. ये."

मावशीने आयुष्यभर मुख्याध्यापकी केली होती. ती 'ये' म्हणाली की माणसं येत. चाळिशी गाठलेली, अपघात शाखेत हाताखाली चार माणसं असलेली बिट्टीही मुकाट्याने गेली. 'बिट्टी' हे नाव जगात फक्त मावशीच्या तोंडी उरलं होतं. कचेरीत तिला सगळे बाई म्हणत, आणि ज्यांच्या गाड्या ती जप्त करी ते आणखी काहीबाही म्हणत.

इमारतीच्या तळमजल्यावर, खांबांच्या मधल्या जागेत मावशीची पांढरी जुनी गाडी उभी होती. मावशी तिच्यापुढे दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी. डोळ्यांवर काळा चष्मा. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू नुकतेच निघाले होते, आणि तेव्हापासून ती घरभर नव्या नजरेने हिंडत होती.

"ऑपरेशन झाल्यापासून आमच्याकडे कोळ्यांना राहणं मुश्कील झालंय," काका म्हणाले. मावशीचे यजमान, निवृत्त ग्रंथपाल, किडकिडीत आणि गोड माणूस. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ते नेहमीसारखे घडी केलेलं वर्तमानपत्र काखेत धरून उभे होते. "काल म्हणाली, आपली भिंत हिरवी नाही, निळी आहे. मी म्हटलं, असेल बुवा."

"निळीच आहे," मावशी म्हणाली. "आणि हा दिवा नवा आहे. बघ."

बघायला फार कष्ट नव्हतेच. उजवा दिवा इतकी वर्षं ऊन खाऊन जुन्या पुस्तकाच्या पानासारखा पिवळा पडला होता. डावा मात्र पाण्यासारखा नितळ. गाडी एका डोळ्याने जागी आणि एका डोळ्याने झोपलेली दिसत होती.

"लावून पाहिलेस?"

"काल सगळे दिवे चांगले अर्धा तास लावून ठेवले. दोन्ही लागतात. मी अंधारात गाडी काढतच नाही, एरवी लावायची वेळ येत नाही. पण बसवला कोणी? गॅरेजवाला म्हणतो मी नाही. जावई म्हणतो मी नाही. हे म्हणतात, असेल आधीपासूनच." तिने काकांकडे पाहिलं. "आधीपासून नव्हता."

बिट्टीला गंमत वाटत होती. फुकट दिवा बसवून जाणारा चोर तिने अजून पाहिला नव्हता. सवयीने ती गुडघे टेकून खाली बसली आणि आधी जुना, उजवा दिवाच पाहू लागली. पिवळ्या थराच्या आत बारीक बारीक वर्तुळाकार ओरखडे होते. कोणीतरी कधीकाळी हाताने गोल गोल घासून तो चकचकीत करायचा प्रयत्न केला होता, आणि त्यावर नंतर पुन्हा पिवळेपणा चढला होता.

तिची गंमत तिथेच संपली.

असेच ओरखडे असलेला पिवळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा तिच्या कचेरीतल्या टेबलाच्या खणात, पारदर्शक पिशवीत पडून होता.

ती उठली. आवाज शक्य तेवढा सपाट ठेवून म्हणाली, "मावशी, कालव्याच्या रस्त्यावरच्या त्या अपघाताचं काही कानावर आलं होतं का गं?"

मावशीने काळा चष्मा काढला.

"कोणता अपघात?" तिने विचारलं.

२

अपघात गावभर झाला होता. म्हणजे घडला कालव्याच्या वळणावर, पण बोलला गेला घरोघरी.

एका वसतिगृहाचा आचारी संध्याकाळचा स्वयंपाक उरकायला सायकलवरून निघाला होता. दिवस मावळला होता, पण अंधार अजून पडायचा होता. मागून गाडी आली, त्याला उडवलं आणि निघून गेली. आचारी उतारावरून खाली झुडपांत पडला. तो जगला, पण कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं, आणि त्या संध्याकाळचं काही आठवतही नव्हतं. वसतिगृहाच्या मुलांनी मोर्चा काढला. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं.

दुसऱ्याच दिवशी एका पाववाल्याने आपल्या टेम्पोचा फुटलेला दिवा बदलून घेतला आणि पकडला गेला. दगड उडून फुटला, असं तो सांगत होता. रस्त्यावर सापडलेला चुरा इतका बारीक होता की कशाचा ते कळेना. त्या वेळेला टेम्पो त्याच रस्त्याने गेला होता हे मात्र सिद्ध झालं. पाववाला कोठडीत गेला, त्याच्या घरावर दगड पडले.

बिट्टीचं मन खात होतं. ती एकटीच पुन्हा त्या वळणावर गेली आणि झुडपांच्या बुडाशी तिला तो तुकडा मिळाला. जाड, पिवळा, कोपऱ्याचा. एका बाजूला बोल्टचं भोक असलेला कान. पाववाल्याच्या टेम्पोला काचेचे दिवे होते. साहेबांनी तुकडा हातात घेऊन परत ठेवला. "रस्त्याच्या कडेला लोक सोफेसुद्धा टाकतात," ते म्हणाले. "हा त्याच दिवशीचा कशावरून?"

आता तिने कचेरीतून पिशवी आणून तुकडा मावशीच्या गाडीच्या उजव्या दिव्याशेजारी धरला. तोच पिवळेपणा, तेच गोल ओरखडे. फक्त कोपरा उलटा, आरशातल्यासारखा. डाव्या दिव्याचा.

तिने लगेच साहेबांना फोन लावला. "साहेब, गाडी सापडली बहुतेक. माझ्या मावशीची आहे. ही केस माझ्याकडून काढून घ्या."

साहेब म्हणाले, "उद्या काढतो. आज तू बघून घे. आणि बाई, पाहशील ते सगळं सांग."

"सगळंच सांगेन."

पहिला नंबर दाजींचा. दाजी म्हणजे मावशीचे जावई, दातांचे डॉक्टर. स्वतःची गाडी बायकोने नेली की ते सासूबाईंची मागून नेत. बिट्टी पोचली तेव्हा त्यांच्यापुढे एक गृहस्थ आ वासून पडले होते.

"बोल," दाजी म्हणाले. "हे काही ऐकत नाहीत. म्हणजे ऐकतात, पण बोलू शकत नाहीत."

"कालव्यावर अपघात झाला त्या आठवड्यात मावशीची गाडी तुमच्याकडे होती?"

"एक दिवस होती, अपघाताच्या आदल्या दिवशी. रात्रीच परत लावली." त्यांचा हात थांबला. "अपघात म्हणजे... तुला काय म्हणायचंय?"

"दिवे घासले होते ना तुम्ही? गोल गोल?"

"पॉलिश पेपरने. तीनेक वर्षं झाली. वरून लेप लावायचा असतो हे कोणी सांगितलं नाही, त्यामुळे आणखी लवकर पिवळे पडले. सासूबाई अजून ऐकवतात." ते कसंनुसं हसले. "मी अपघात करून पळेन असं वाटतं तुला? मी भर दुपारीसुद्धा दिवे लावून गाडी चालवतो. बायको हसते मला."

तेवढ्यात खुर्चीवरचा मोठा दिवा फडफडला आणि विझला. दाजींनी खणातून नवा बल्ब काढला. हातमोजे काढून टाकले, कोरड्या कापसाच्या पट्टीत बल्ब अलगद धरला आणि काचेला बोट न लावता जागेवर सरकवला.

"एवढं जपून?" बिट्टीने विचारलं.

"हॅलोजनच्या काचेला बोट लागलं की त्वचेचं तेल राहतं. दिवा तापला की तेवढ्याच जागी काच भाजते. दहा वेळा बदललेत, हाताला सवय झाली आहे."

बिट्टी दारापर्यंत गेली आणि वळली. "दाजी, सासूबाईंच्या दिव्याला बल्ब कोण बसवतं?"

"गॅरेजवाला उस्ताद. दुसरं कोण?" दाजी म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी पुढे जोडलं, "त्या आठवड्यात ब्रेकसाठी गाडी त्याच्याकडेच गेली होती. दुरुस्त झाली की तो तिला लांब चक्कर मारून आणतो. बहुतेक वेळा कालव्याच्या रस्त्यानेच."

३

उस्तादच्या गॅरेजमध्ये एक भिंत पांढरी ठेवलेली होती आणि तिच्यावर काळ्या रंगाच्या आडव्या-उभ्या रेघा होत्या. त्या भिंतीसमोर एक टॅक्सी उभी करून उस्ताद तिच्या दिव्याचा स्क्रू फिरवत होता. प्रकाशाची कड रेघेवर येऊन बसली तसा तो समाधानाने हुंकारला.

"ब्रेकसाठी आली होती," मावशीच्या गाडीचं नाव काढताच तो म्हणाला. "चक्कर मारली, कालव्यावरूनच मारली. पण सकाळी. दुपारी बाईंनी स्वतः नेली."

"दुपारी? कोणत्या दिवशी?"

त्याने दिवस सांगितला. अपघात त्याच संध्याकाळी झाला होता.

"नक्की?"

"नक्की म्हणजे? त्या दिवशी बाईंनी माझ्या पोरांना 'कपडे धुता की नाही' म्हणून विचारलं. पोरांनी धुतले. गॅरेजच्या इतिहासात तेवढाच एक दिवस आहे." तो हात पुसत बाहेर आला. "दिव्याचं म्हणाल, तर मी बदलला असता तर दोन्ही बदलले असते. एक नवा, एक जुना अशी गाडी माझ्या दारातून बाहेर पडली तर लोक मला काय म्हणतील?"

"बिल वाचवायला एकच बदलायला सांगितलं असेल कोणी."

"तरी भिंतीसमोर लावून दिशा बसवली असती. नवा दिवा नुसता बसवून चालत नाही, कुठे बघायचं ते शिकवावं लागतं त्याला."

खरं बोलणारी माणसं आणि सराईत माणसं सारखीच बोलतात, हे बिट्टीला धंद्याने शिकवलं होतं. ती मावशीच्या इमारतीखाली परतली. वर खिडकीतून काकांचा वाचनाचा आवाज येत होता. वर्तमानपत्रातली कसलीशी बातमी ते सावकाश, स्वच्छ उच्चारात वाचत होते.

तिने गाडी मागे घेऊन समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि दिवे लावले.

उजव्या दिव्याचा मळकट प्रकाश भिंतीच्या बुडाशी पडला, जिथे पडायला हवा तिथे. डाव्याचा लख्ख झोत मात्र वर छताजवळच्या पाण्याच्या पाइपांवर गेला. या दिव्याला कुठे बघायचं ते कोणीच शिकवलं नव्हतं. उस्ताद सुटला.

दिवे गार झाल्यावर तिने बॉनेट उघडून डावा बल्ब काढला. काचेवर एका बाजूला पांढुरका, भाजल्यासारखा डाग होता, बोटाच्या पेराएवढा. कोणीतरी उघड्या हाताने बल्ब धरला होता, आणि काल मावशीने तो अर्धा तास पेटवला होता. दाजी सुटले.

आणखी एक गोष्ट होती. दिवा कोरा करकरीत, पण बल्ब जुनाच. त्याच्या काचेला उजवीकडच्या बल्बासारखीच करडी झाक होती. दिवा विकत घेताना त्याच्याबरोबर बल्ब मिळत नाही. बसवणाऱ्याने फुटलेल्या दिव्यातला बल्ब काढून या नव्यात टाकला होता. म्हणजे तो बल्ब त्या वळणावर हजर होता.

तिने तो उजेडाकडे धरून आतली तार पाहिली. पेटलेल्या दिव्याला असा दणका बसला, तर तापून मऊ झालेली तार ताणली जाते, वाकते, झोळीसारखी लोंबते. ही तार सरळ होती. तिची सगळी वेटोळी जागच्या जागी.

टक्कर झाली तेव्हा दिवे बंद होते.

दिवस मावळल्यावर दिवे न लावता कोण गाडी चालवतं? विसरणारा चालवतो. किंवा मग ज्याला दिव्याच्या बटणाची सवयच नाही तो. जो जगाला ठामपणे सांगत असतो की आपण अंधारात गाडी काढतच नाही.

तरी एक गाठ सुटत नव्हती. ज्याने हा दिवा बसवला त्याला बल्ब धरता येत नव्हता, दिशा बसवता येत नव्हती. मग ही उठाठेव केलीच कशाला? तिने नव्या दिव्यावरून बोट फिरवलं. खालच्या कडेला काहीतरी खरखरीत लागलं. वाकून पाहिलं तर तिथे बोटभर जागेत आडवेतिडवे ओरखडे होते. स्वयंपाकघरातल्या तारेच्या घासणीचे. कोणीतरी नवा दिवा घासून जुना करायला बघितला होता. तो पिवळा होईना, नुसता पांढरट होतोय असं दिसल्यावर हात थांबवला होता.

पोलिसांना चकवायचं असतं तर दोन्ही दिवे नवे लावून काम भागलं असतं. दोन्ही नवे असते तर कोणाच्या डोळ्यांत आले नसते. पण हा माणूस उजव्या दिव्याला हात लावायला तयार नव्हता. त्याला गाडी होती तशीच दिसायला हवी होती, आणि तीही अशा एकाच माणसाला, जो ती रोज पाहतो पण नीट पाहू शकत नाही.

वरून वाचनाचा आवाज अजून येतच होता. बिट्टीने मान वर केली.

ज्या अपघातासाठी मोर्चा निघाला, ज्याच्या बातम्या रोज पहिल्या पानावर आल्या, तो मावशीला ठाऊक नव्हता. कारण मोतीबिंदू वाढल्यापासून मावशी वर्तमानपत्र वाचत नव्हती. ते तिला वाचून दाखवलं जात होतं.

४

"काका," तिने खालून हाक मारली, "जरा बॅटरी धरायला येता का?"

काका सपाता घालून आले. त्यांनी बॅटरी धरली. तिचा उजेड डाव्या दिव्यावर पडला.

"हातमोजे न घालता बल्ब धरलात ना?" बिट्टीने हळूच विचारलं.

काकांनी दुसऱ्या हाताची बोटं मिटून घेतली.

"मावशी डोळ्यांच्या तपासणीला गेली होती, तेव्हा बसवलात. दुकानदाराने सांगितलं असेल, तीन बोल्ट काढा, एक प्लग काढा, सोपं आहे."

"सोपं नव्हतं," काका म्हणाले. "दोन बोटं सोलली माझी." एवढं बोलून त्यांच्या लक्षात आलं की आपण बोलून गेलो. त्यांनी बॅटरी बंद केली. "बिट्टे, गाडी मी चालवत होतो."

"काका."

"मी चालवत होतो. लिहून घे. त्या पाववाल्याला सोडा, बिचारा फुकट अडकलाय. मी रोज ठरवतो की आज जाऊन सांगावं. मग हिला पेपर वाचून दाखवायची वेळ होते."

"तुम्हाला गाडी चालवता येत नाही."

"कॉलेजात शिकलो होतो."

बिट्टीने दार उघडून किल्ली पुढे केली. "या भिंतीपासून त्या खांबापर्यंत न्या."

काका बसले. स्टिअरिंगवर हात ठेवले, मग काढले. आसन मागे सारायचा खटका ते दाराच्या बाजूला शोधत राहिले. पाय कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून त्यांनी खाली वाकून पाहिलं. तीन पेडल पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून बिट्टीने तोंड फिरवलं. ते किल्ली लावायची जागा चाचपत असतानाच जिन्यातून आवाज आला.

"उतरा," मावशी म्हणाली. "ती माझी जागा आहे."

५

वर, निळ्या भिंतीच्या त्या खोलीत, मावशी खुर्चीत ताठ बसली. काका तिच्याकडे न पाहता पेपराची घडी घालत राहिले.

"गॅरेजमधून गाडी घेतली ती मैत्रिणीकडे गेले," मावशी सांगू लागली. "गप्पांत उशीर झाला. दिसत होतं अजून. म्हणजे मला वाटत होतं की दिसतंय. कालव्याच्या वळणावर काहीतरी लागलं. घरी येऊन यांना म्हटलं, जरा खाली जाऊन पाहा. हे जाऊन आले. म्हणाले, काही नाही, फांदी घासलीय."

"दुसऱ्या दिवशी पेपर उघडला आणि पहिल्या पानावरच ते," काका पुटपुटले. "मोठ्याने वाचायला तोंड उघडलं. आणि आतल्या पानावरचं हवामान वाचलं."

"त्यानंतर रोज?" मावशीने विचारलं.

"रोज."

बिट्टी शेवटी म्हणाली, "मावशी, तुला शंका होती. दिवा कोणी बदलला हे तू केव्हाच ओळखलं होतंस. मग मला गंमत म्हणून का बोलावलंस?"

"गंमत म्हणून नाही बोलावलं. तक्रार म्हणून बोलावलं." मावशीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "डोळे उघडले, खाली गेले, दिवा पाहिला. ज्या बाजूला लागलं होतं तीच बाजू. फांदीने दिवा बदलावा लागत नाही, एवढं मला कळतं. यांना विचारलं असतं तर यांनी माझ्यासाठी आणखी एक थाप मारली असती. मग ती सांभाळायला तिसरी. हा माणूस आयुष्यात पुस्तकाच्या पानाचा कोपरासुद्धा मुडपत नव्हता. याला मी किती खोटं बोलायला लावू? आणि जावयाला विचारलं असतं तर त्याने सगळं निस्तरलं असतं." तिने मांडीवरच्या चष्म्याची काडी मिटली. "मला निस्तरायचं नव्हतं. काय झालंय ते माहीत हवं होतं. घरात निस्तरणारे पुष्कळ आहेत. सरळ सांगणारी तू एकटीच आठवलीस."

"मी तुला वाचवू शकणार नाही, मावशी."

"म्हणून तर तुला बोलावलं."

काका उठले. खुर्चीवर चढून त्यांनी माळ्यावरून जुन्या हार्मोनियमची पेटी खाली घेतली. तिच्यात, मऊ पंच्यात गुंडाळलेला फुटका दिवा होता. कचऱ्यात टाकायची त्यांना भीती वाटली होती, आणि दुसरं काय करावं ते सुचलं नव्हतं. बिट्टीने पिशवीतला तुकडा काढून त्याच्या तुटलेल्या कोपऱ्यावर ठेवला. कानाचं भोक आणि कड, दोन्ही नेमकी बसली.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता साहेब," मावशी म्हणाली. "कपडे बदला तुम्ही. सपाता घालून पोलीस ठाण्यात जायचं नाही."

साहेबांनी दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले. बिट्टीला त्यांनी बाहेर बसवलं, आणि ते योग्यच होतं. मावशीने दिवे लावले नव्हते हे स्वतः आधी सांगितलं, कोणी विचारायच्या आत. काकांवर पुरावा दडवल्याचा ठपका आला. दोघांनाही जामीन मिळाला. पाववाला त्याच दिवशी सुटला. तो बाहेर येताना काका फाटकाशी उभे होते. त्यांनी हात जोडले. पाववाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, खांद्यावरचं जाकीट ओढून घेतलं आणि त्यांना वळसा घालून निघून गेला.

मावशीने लायसन स्वतःहून टेबलावर ठेवलं. मग बिट्टीला म्हणाली, "मला दवाखान्यात ने."

"वकील म्हणेल जाऊ नका. तिथे बोललेला प्रत्येक शब्द तुझ्याविरुद्ध वापरता येतो."

"वापरू देत."

वॉर्डच्या टोकाला, खिडकीशेजारी आचाऱ्याची खाट होती. तो झोपला होता. उशाशी त्याची बायको स्टुलावर बसून त्याच्या हाताच्या बोटांना तेल चोळत होती. एकेक बोट घेऊन, घाई न करता. कोणी येऊन उभं राहिलंय हे तिला कळलं, पण हातातलं बोट पुरं होईपर्यंत तिने वर पाहिलं नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"गाडी मी चालवत होते," मावशी म्हणाली. तिने स्वतःची ओळख करून दिली नाही, वय सांगितलं नाही, डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलं नाही. बिट्टी दोन खाटा अलीकडे थांबली होती. तिला वाटलं, आता मावशी माफी मागेल. मावशीने मागितली नाही. ती वाट पाहत उभी राहिली, शाळेत एखादं मूल उत्तर शोधत असताना राहायची तशी.

बायकोने तेलाचे हात पदराला पुसले. मोठ्याने बोलली असती तर आचारी उठला असता, म्हणून तिने अगदी हळू विचारलं, "थांबला का नाहीत?"

हा प्रश्न साहेबांनीही विचारला होता. तिथे मावशीने, काय लागलं ते कळलं नाही, असं सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. वाटेत मावशीने ते उत्तर बिट्टीलाही सांगितलं होतं. इथे मात्र तिने ते दिलं नाही.

"कुत्रं आडवं आलं असं वाटलं मला," ती म्हणाली. "कुत्र्यासाठीही मी थांबले नाही."

आचाऱ्याची बायको तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने नवऱ्याचा दुसरा हात मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. बसा, असं ती म्हणाली नाही. मावशीनेही रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं नाही. पाचही बोटं होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.